पतंग घरी वाढवायचा असेल तर आधी खरखरीत भिंत शोधा

माझा पहिला पतंग श्रीखंडाच्या डब्यात मेला. म्हणजे मेला नंतर, आठवडाभराने. पण वाया गेला तो त्या डब्यातल्या पहिल्या अर्ध्या तासात. एक किलोचा गुळगुळीत प्लास्टिकचा डबा, तळाला ओला टिश्यू, झाकणाला भोकं आणि आत कोष. तीन आठवडे अळीला पानं पुरवली होती, पाण्यात पाय ठेवलेल्या स्टुलावर मुंग्यांपासून सांभाळलं होतं. पहाटे डब्यातून खरवडल्याचा आवाज आला म्हणून पाहिलं, तर पतंग बाहेर आलेला आणि डब्याच्या भिंतीवर चढायची धडपड चाललेली. दोन इंच चढायचा आणि घसरायचा. मी "अगदी वेळेवर उठले" म्हणून खूश होऊन चहा टाकायला गेले. परत आले तोवर त्याचे पंख चुरगाळलेल्या बसच्या तिकिटासारखे वाळून गेले होते.

त्यानंतर बरेच पावसाळे गेले, बरेच पतंग उडाले. कोणी विचारलं तर मी अळीपासून सुरुवात करतच नाही. आधी विचारते, कोषातून निघाल्यावर तो लटकणार कुठे? अळी वाढवणं चिकाटीचं काम आहे, जमतं. नुकसान होतं ते शेवटी, आणि बहुतेक वेळा आपल्याच हौसेने. तरी लेख लिहायचा तर क्रमाने जाऊ.

कोणती अळी घ्यायची

पुण्यात सुरुवातीला एकच नाव सुचवेन: तगरीवर आणि कण्हेरीवर येणारा ऑलिअँडर हॉक मॉथ. शास्त्रीय नाव डॅफ्निस नेरी. मराठीत रूढ नाव माझ्या कानावर नाही, मी "तगरीचा पतंग" म्हणते. हिरव्या-गुलाबी छटांचा, संगमरवरावर असतात तशा लाटा पंखांवर, पंखांचा पसारा ९ ते ११ सेंटीमीटर. सोसायट्यांच्या कुंपणाला आणि रस्त्याच्या दुभाजकांवर तगर-कण्हेर इतकी लावलेली आहे, की जूनच्या पावसानंतर दिवाळीपर्यंत शोधलं तर अळी सापडते.

घरात अळूची कुंडी असेल तर तिच्यावरही याच कुळातल्या शेपटीला शिंग असलेल्या अळ्या येतात. अनंताच्या झाडावर येणारी अळी तर मुद्दाम वाढवून बघा. तिचा पतंग कोषातून निघतो तेव्हा पंखांवर धुरकट खवले असतात. पहिल्याच फडफडाटात ते गळतात आणि पंख काचेसारखे आरपार होतात. ते खवले हवेत उडताना मी एकदाच पाहिले आहेत, सकाळच्या तिरप्या उन्हात.

केसाळ सुरवंटांच्या वाटेला मात्र नवख्याने जाऊ नये. पावसाळ्यात शेवग्याच्या खोडाला चिकटून जे केसाळ घोळके बसतात, त्यांचे केस कातडीत रुततात, डोळ्यात गेले तर दवाखाना गाठावा लागतो. आंब्या-नारळावरची ती हिरवी, चपटी, काटेरी अळी दिसायला सुंदर, पण तिला नुसता हात घासला तरी तासभर आग. केस रुतलेच तर चोळू नका. चिकटपट्टी लावून उचला, मग साबणाने धुवा.

आणखी एक. वेताळ टेकडी असो, तळजाई असो, वनखात्याच्या जागेतून काही उचलून आणू नये; भीमाशंकरसारख्या अभयारण्यातून तर नाहीच. कुंपणाच्या तगरीवर पुरेसं मिळतं.

अळी शोधायची म्हणजे खाली बघायचं

अळी पानाच्या रंगाची असते, डोळ्यांना सापडत नाही. तिच्या लेंड्या सापडतात. झाडाखाली फरशीवर मिऱ्याएवढ्या, अंगावर पन्हळी असलेल्या काळसर लेंड्या दिसल्या, की सरळ वर मान करायची. ताज्या असतील तर ओलसर हिरवट असतात. शेंड्याची पानं नुसत्या शिरेपर्यंत फस्त झालेली असतील तर अळी तिथेच कुठेतरी देठाला उलटी चिकटून आहे.

मोठी अळी साडेसात-आठ सेंटीमीटर होते. हिरवीगार, बाजूने पांढरा पट्टा, त्याच्याभोवती पांढरे ठिपके, शेपटीला आखूड पिवळसर शिंग. छातीवर काळ्या कडेचे दोन निळसर पांढरे डोळे. डिवचलं की ती डोकं आत ओढते आणि ते डोळे फुगून वर येतात. आमच्या वॉचमनने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा "ताई, तगरीत सापाचं पिल्लू आहे" म्हणून मला खाली बोलावलं होतं. ते डोळे खोटे आहेत. ना ती चावते, ना डसते.

मी मात्र मोठी अळी आणायच्या विरुद्ध आहे. मोठ्या अळीत बरेचदा माशीने किंवा गांधीलमाशीच्या जातीतल्या बारक्या माशीने आधीच अंडी घातलेली असतात. तुम्ही पंधरा दिवस पानं घालता आणि कोषातून निघते माशी. अंडी किंवा अगदी लहान अळी आणली तर हा धोका पुष्कळ कमी होतो. अंडं फिकट हिरवं, गोल, दीड मिलिमीटरचं, कोवळ्या पानाच्या खालच्या बाजूला एकेकटं घातलेलं. नुकती निघालेली अळी पिवळी असते आणि तिचं शिंग केसासारखं बारीक, काळं, अंगाच्या मानाने भलतंच लांब. अळी बोटांनी ओढून काढू नका, तिचे पाय देठ सोडत नाहीत आणि तुटतात. पानासकट डहाळी कापा.

घर आणि जेवण

लहान अळ्यांना लहान डबा चांगला. तळाला टिश्यू, वर दोन कोवळी पानं, झाकण बंद. भोकं पाडू नका. रोज एकदा डबा उघडता तेवढी हवा त्यांना पुरते, आणि बंद डब्यात पान सुकत नाही. झाकणाला आतून थेंब धरायला लागले तर टिश्यू बदला. लहान अळ्या थेंबात अडकून मरतात.

इंचभराच्या झाल्या की जाळी हवी. जेवण झाकायची जाळीची छत्री मिळते ना, ती तगारीवर उपडी ठेवली की झालं काम. नाहीतर बोहरी आळीत मीटरवर जाळी मिळते, ती कुठल्याही लाकडी खोक्याला ठोका. आत औषधाच्या बाटलीत पाणी घालून तगरीची डहाळी उभी करा आणि बाटलीचं तोंड कापसाने गच्च बुजवा. हे विसरलात तर अळी देठावरून उतरत उतरत पाण्यात जाते आणि बुडते.

तगर की कण्हेर? दोन्ही चालतात, पण मी घरात तगर आणते. कण्हेर विषारी, तिचा चीक तर फारच. घरात लहान मूल, मांजर किंवा कुत्रं असेल तर ती आणूच नका. आणलीत तर पानं आणि लेंड्या हाताळून झाल्यावर हात धुतल्याशिवाय काही करू नका. अळीने ज्या पानावर सुरुवात केली, तेच शेवटपर्यंत द्या. मध्येच बदललं तर काही अळ्या उपाशी मरतील पण नवीन पानाला तोंड लावणार नाहीत.

पान कुठून आणलं याला सगळ्यात जास्त महत्त्व आहे. एका वर्षी माझ्या अकरा अळ्या एका दुपारी गेल्या. तोंडातून हिरवं पाणी, अंगाला पीळ, संपलं. सोसायटीच्या माळ्याने आदल्या दिवशी मिलीबगसाठी औषध मारलं होतं आणि मी त्याच तगरीची डहाळी तोडली होती. नर्सरीतून आणलेल्या नव्या रोपाचंही तेच. काही आठवडे घरी ठेवून, नवी फूट आल्यावरच वापरा. आता माझी तगर गच्चीवरच्या दोन कुंड्यांत आहे आणि तिच्यावर मी कडुनिंबाचं तेलसुद्धा मारत नाही. पावसाळ्यात डासांची धूरगाडी आली की जाळी उचलून न्हाणीघरात आणि खिडकी बंद.

लेंड्या रोज काढा. पावसाळी दमट हवेत लेंड्यांना दुसऱ्याच दिवशी बुरशी येते. गर्दीही करू नका; एका तगारीत मोठ्या चार-पाच अळ्यांपलीकडे मी जात नाही. एखादी अळी मऊ पडून डोकं खाली करून लटकली, आतून पाणी झाल्यासारखी, तर तो विषाणूचा रोग समजा. ती, तिची डहाळी, टिश्यू सगळं पिशवीत बांधून कचऱ्यात, आणि बाकीच्या अळ्यांना कोरडं नवं घर.

मुंग्यांसाठी हळदीची रेघ मारावी असं आई म्हणायची. मी स्टुलाच्या चार पायांखाली चार वाट्या पाणी ठेवते. पाली जाळीबाहेरूनच बघत बसतात, त्यांना बसू दे.

अळी चार वेळा कात टाकते. त्याआधी दिवसभर एका जागी निपचित बसते, खात नाही, डोकं अंगाच्या मानाने एवढंसं दिसतं. आजारी आहे म्हणून इथेच लोक तिला उचलतात, नव्या पानावर ठेवतात आणि मारतात. त्या वेळी तिने पायाखाली रेशमाची बारीक गादी विणून त्यात पाय रोवलेले असतात. त्या आधारावर ती जुनी कात मागे सोडते. पान बदलायचंच असेल तर जुन्या पानाचा तेवढा तुकडा कापून नव्या डहाळीला अडकवा.

अळी पळायला लागली की

शेवटच्या चार-पाच दिवसांत ती इतकं खाते, की सकाळी लावलेली डहाळी संध्याकाळी काडी होते. मग एक दिवस एकदम खाणं थांबतं. पातळ, ओली विष्ठा टाकते, हिरवा रंग जाऊन पाठ काळपट तपकिरी होते आणि जिला चार दिवस हलताना पाहिलं नाही ती जाळीभर धावायला लागते. शेजारच्या काकांनी नेमकी त्याच दिवशी पाहिली.

"हे काय पाळलंय तुम्ही?"

"पतंग, काका."

"संक्रांतीला अवकाश आहे की अजून!"

या दिवशी जाळीची एकही फट उघडी ठेवू नका. माझी एक अळी रात्रीत पळाली ती तिसऱ्या दिवशी कपाटाखालच्या जुन्या कोल्हापुरीत कोष करून बसलेली सापडली.

तिला हवा असतो पालापाचोळा. टबात तळाला दोन इंच किंचित ओलसर कोकोपीट, वर चार इंच सुकी पानं. मूठभर दाबलं तर पाणी गळू नये इतपतच ओल. वरून कापड बांधा, अंधारात ठेवा आणि आठवडाभर उघडू नका. तगरीची अळी पानं चार धाग्यांनी जोडून त्यांच्या आडोशाला जमिनीवरच कोष करते. रताळ्याच्या वेलावरच्या अळ्या मातीत खोल जातात, त्यांना सहा इंच भुसभुशीत माती लागते. त्यांच्या कोषाला सुरईच्या कानासारखी वळलेली सोंड असते.

आठवडा का? आतली अळी आखडून सुरकुतते, मग शेवटची कात टाकते आणि नवा कोष लोण्यासारखा मऊ असतो. त्या वेळी बोट लागलं तर तिथे खळगा पडतो आणि पतंगाचा तो पंख गेला. कडक व्हायला दोन-तीन दिवस लागतात, मी सात धरते.

कोष

आठव्या दिवशी पानं हलक्या हाताने बाजूला करा. बदामी रंगाचा, बारीक काळे ठिपके असलेला, पोटाच्या मध्यावर काळी रेघ असलेला कोष मिळेल. तळहातावर ठेवला की जिवंत कोष शेपटी गर्रकन फिरवतो. हलला नाही म्हणून लगेच मेला समजू नका. वजन बघा. मेलेला कोष वाळक्या शेंगेसारखा हलका होतो, नाहीतर वास मारतो.

हा कोष रेशमी वेष्टणात नसल्यामुळे वाळण्याची भीती जास्त. पावसाळ्यात काही करावं लागत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात मात्र शेजारच्या कोकोपीटवर दिवसाआड स्प्रे मारा, कोषावर नको. फ्रिजमध्ये ठेवून "थांबवण्याचा" सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. गरम हवेत साधारण दोन आठवड्यांत पतंग निघतो.

निघण्याची खोली

आता श्रीखंडाच्या डब्याकडे परत येऊ. कोषातून निघालेल्या पतंगाचे पंख नखाएवढे, ओले, मऊ पिशव्यांसारखे असतात. पंख खाली लोंबतील अशा जागी चढून तो लटकतो आणि अंगातलं रक्त पंखांच्या शिरांमध्ये दाबून भरतो. वरून खाली भरत गेले की पंख सरळ होतात. ही मुदत थोडी असते. पंख भरले नाहीत तरी ते वाळायचे थांबत नाहीत, आणि वाकडे वाळले की पुन्हा सरळ होत नाहीत. म्हणून पायाला धरायला खरखरीत भिंत आणि खाली मोकळी जागा, या दोनच गोष्टींवर सगळं ठरतं.

मी कपडे टाकायची जाळीची उभी बास्केट वापरते. तळाला वर्तमानपत्र, त्यावर ओलसर टिश्यू, त्यावर कोष आडवे, पोटाची बाजू खाली. कोष जाळीच्या भिंतीपासून दोन-तीन इंचांवर, म्हणजे बाहेर पडल्या पडल्या पायाला भिंत लागते. शिवाय सालीसकट दोन काड्या तिरप्या टेकवते. उंची निदान फूटभर. दोन पतंग एकमेकांना धक्का देणार नाहीत इतकी जागा. एका बास्केटीत चारच कोष. प्लास्टिकचा डबाच वापरायचा असेल तर चारही बाजूंना आणि झाकणाला आतून जाळी किंवा जुनं पंचाचं कापड चिकटवा, वरपासून तळापर्यंत, मध्ये रिकामी पट्टी न ठेवता.

निघायच्या एक-दोन दिवस आधी कोष गडद होतो आणि पंखांची नक्षी आतून दिसू लागते. बरेच लोक काळा पडला म्हणून इथेच फेकून देतात. मेल्यामुळे काळा पडलेला कोष एकसारखा काळा आणि कडक असतो. निघायला आलेल्याचे पोटाचे वेढे सैल झालेले असतात. त्या दिवशी टिश्यूवर थोडं जास्त पाणी शिंपडा, पंखा बंद.

तगरीचा पतंग बहुधा रात्री निघतो. बघायची हौस असेल तर मोबाइलच्या टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावा. एकदम ट्यूबलाइट लावलीत तर अर्धवट भरलेल्या पंखांनिशी तो फडफडून खाली पडतो. भिंतीवर थांबल्यावर पंधरा-वीस मिनिटांत पंख पूर्ण आकाराला येतात, फुलपाखरासारखे पाठीवर जोडलेले. तासाभराने तो ते एकदम खाली पाडून विमानासारखे पसरतो. त्यानंतरही काही तास पंख मऊच असतात. बुडाखाली तांबूस तपकिरी पाणी सांडलेलं दिसेल. ते रक्त नाही; कोषात साठलेला मळ आहे, आणि वर्तमानपत्र त्याच्याचसाठी आहे.

मदत कधी, कशी

खाली पडलेला दिसला तर पंखांना हात न लावता पुढच्या पायांखाली काडी धरा. तो लगेच चढतो. काडी उभी टेकवून निघून जा. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत हे केलं तर पंख बहुतेक वेळा सावरतात.

कोषाचं टरफल फोडून अर्धा बाहेर आला आणि दोन तास झाले तरी अडकलेलाच असेल, तर हवा कोरडी पडली आहे असं समजा. कोमट पाण्यात बुडवून पिळलेला कापूस टरफलाला टेकवा, अर्धा तास थांबा. तरीही नाही सुटला तर सुईच्या टोकाने टरफलाची फक्त कड उचला. सोलून काढायचं नाही, ओढायचं तर नाहीच. आधीच घाईने उघडलेल्या कोषातला एकही पतंग माझ्याकडे धड उडालेला नाही.

पंख बिघडलेच तर तो पतंग लगेच मरत नाही. आठ-दहा भाग पाण्यात एक भाग साखर विरघळवा, बाटलीच्या झाकणात घ्या, पतंगाचे पंख मिटून हलकेच धरा आणि टाचणीने त्याची गुंडाळलेली सोंड सोडवून पाण्यात टेकवा. एकदा चव कळली की स्वतः पितो. मादी असेल तर संध्याकाळी जाळीत घालून तगरीजवळ ठेवा. रात्री नर येऊन जाळीला धडकतात आणि अशा न उडणाऱ्या मादीनेही मला अंडी दिलेली आहेत.

टसरसारख्या मोठ्या रेशमी पतंगांना खाऊ घालायचा खटाटोप करू नका. त्यांना चालतं तोंडच नसतं, अळीपणी साठवलेल्यावर आठवडाभर जगतात.

सोडणं

निघाल्याच्या दुसऱ्या संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, जिथून अळी आणली त्याच भागात. रस्त्याच्या दिव्याखाली नको, तिथे तो रात्रभर घिरट्या घालतो आणि सकाळी कावळे टिपतात. दिवसा सोडला तर कावळ्यांची तेवढीही वाट बघावी लागत नाही. उडण्याआधी तो जागच्या जागी थरथरतो, अगदी फोन व्हायब्रेटवर ठेवल्यासारखा. छातीचे स्नायू तापवत असतो. हातावर असेल तर ती थरथर मनगटापर्यंत येते. तेव्हा हलू नका, एखादं मिनिट लागतं.

बास्केट मग गरम पाण्याने धुऊन दोन दिवस कडक उन्हात. टिश्यू, पानं, कोकोपीट पुन्हा वापरायचं नाही.

आणि जो कोष उघडला नाही तो कशाचा आहे ते बघा. तगरीचा महिनाभरात नाहीच उघडला तर आशा सोडा. टसरचा असेल तर गोष्ट वेगळी. बोरीच्या फांदीला देठाने कडी घालून लटकणारा, अंड्याएवढा टणक कोष हिवाळ्यात मिळाला, तर आतला जीव पुढच्या पावसापर्यंत थांबतो. तो सावलीत, हवेशीर जागी, फांदीसकट टांगून ठेवायचा आणि महिन्यातून एकदा कानाशी धरून हलवायचा. जड "थप" असा आवाज आला तर ठीक आहे. खुळखुळ्यासारखा वाजला तर आतलं वाळलं. माझ्या गच्चीच्या दारामागे खिळ्याला नोव्हेंबरपासून एक टांगलेला आहे. काल हलवून पाहिला. थप.